ऐनवेळचे विषय

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत तिला सगळे थर्मासबाई म्हणत. कुलगुरूंच्या दालनापासून परीक्षा विभागापर्यंत चहा पोचवायचा, कुणाला बिनसाखरेचा, कुणाला नुसतं गरम पाणी, ते लक्षात ठेवायचं, यातच तिची उमर गेली. नवरा लवकर वारला. एकुलत्या एका लेकीला तिनं या चहावरच वाढवलं आणि परदेशातल्या एका विद्यापीठाशी करार झाल्याची बातमी बैठकीत कानावर पडताच खटपट करून तिला तिथं धाडलं. तिकडे जुन्या वसतिगृहाची राखण करायचं काम होतं. "माझी पोरगी फॉरेनला असते," हे ती येताजाता ऐकवायची. लोक पाठीमागे हसायचे. हसोत बापडे.

मग तिकडे भूकंप झाला आणि इकडे उत्साहाला नुसता ऊत आला. मदत समिती झाली, उपसमिती झाली. खोक्यांवर कोणत्या विभागाचं नाव आधी छापायचं यावरून दोघा प्राध्यापकांची चांगलीच जुंपली. जिमखान्यात कपड्यांचे ढीग लागले आणि लोकांनी कपाटातली अडगळ पुण्य म्हणून काढून टाकली.

तिकडचे फोन बंद पडले होते. एकच उपग्रह फोन चालू होता, तिथल्या एका प्राध्यापकांकडे. ते तरुणपणी इथेच शिकलेले, त्यामुळे इथली भाषा त्यांना येत होती. दिवसभर ते मुलांच्या टोळ्या घेऊन ढिगारे उपसत आणि संध्याकाळी थोडा वेळ कुलगुरूंच्या दालनातल्या बैठकीला फोनवरून हजर राहत.

पहिल्याच संध्याकाळी थर्मासबाईनं समितीच्या समन्वयकांना, म्हणजे भूगोलाच्या सरांना, जिन्यात गाठलं.

"सर, फोन लागला की एवढंच विचारा हो, वसतिगृहातली माझी पोरगी कशी आहे."

"विचारू की, मावशी. ऐनवेळच्या विषयांत घेतो."

ऐनवेळचे विषय म्हणजे विषयपत्रिकेचं शेपूट. आधी कुलगुरूंचा शोकसंदेश, मग खोक्यांवरच्या मजकुराला मंजुरी, मग एकमेकांचे आभार. तोवर फोन तुटलेला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. सर म्हणाले, "तिकडं हजारो माणसं आहेत, मावशी. जरा धीर धरा."

धीर म्हणे! स्वतःचा मुलगा शाळेतून यायला जरा उशीर झाला की हेच सर बैठक टाकून धावत सुटत. तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण बैठकीत चहावालीनं तोंड उघडायचं नसतं, हे इतक्या वर्षांत तिच्या अंगात मुरलं होतं.

पुढच्या संध्याकाळी मदतकार्याच्या समारोपाला पाहुणा कोण बोलवायचा यावर चर्चा रंगली. फोनमधून तिकडच्या प्राध्यापकांचं खोकणं ऐकू येत होतं. थर्मासबाईनं ट्रे टेबलावर आदळला आणि फोनवर वाकून ओरडली,

"अहो दादा, जुन्या वसतिगृहात माझी लेक राहते! तळमजल्यावर! ती कशी आहे?"

भूगोलाच्या सरांनी तिचा दंड धरला, तिनं तो झटकला.

"जुन्या वसतिगृहात?" पलीकडचा आवाज अडखळला. "ते दुरुस्तीसाठी बंद होतं ना? आम्ही रिकामं धरून चाललो. तिकडं खणायला कुणी गेलंच नाही."

"मग आता जा की!"

"काल सकाळपर्यंत तिथून ठोकल्याचा आवाज येतोय, असं मुलं म्हणत होती. मीच म्हटलं, पत्रे हलत असतील." ते पुन्हा खोकले. "आता काही ऐकू येत नाही, ताई. तिथं माणूस आहे हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत?"

फोन तुटला. कुलगुरू म्हणाले, "मावशींना कुणीतरी पाणी द्या." पाणी कुठे असतं हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

भूगोलाचे सर पुटपुटले, "मावशी, आम्हाला खरंच कल्पना नव्हती."

"रोज इथंच उभी होते मी, सर," ती म्हणाली. "तुमच्या खुर्चीमागं."