भोंगेवाली आणि उरलेल्या गाण्यांची तबकडी

शुक्रवारी संध्याकाळी मी आणि माझी बायको ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी शेंग मोडायचो, ती दाणे काढायची आणि काढता काढता त्या विलायती बँडचं गाणं गुणगुणायची. शब्द एक समजत नव्हता, पण सूर पक्का. रविवारी घरी जमणाऱ्या मंडळींसाठी सोलेभात करायचा होता. ढीग पाहून मी म्हटलं, "एवढ्या शेंगा कायले वं? बारात येऊन राहिली का?"

ती म्हणाली, "भांडून भांडून भूक लागते त्याईले. तुमाले काय समजते!"

आमचं शेवटचं धड बोलणं हेच. त्यानंतर रिक्षात आणि रामदासपेठेच्या दवाखान्यात जे बोललो, त्याला बोलणं म्हणत नाहीत. छातीचं दुखणं होतं, थांबलं नाही. शनिवारी दुपारी ती गेली आणि संध्याकाळी मी तिला पोहोचवून आलो.

सक्करदऱ्यात, आमच्या वस्तीत, तिला सगळे भोंगेवाली म्हणत. लग्नात, गणपतीत भोंगे आणि गाणी भाड्यानं द्यायचा धंदा माझा, पण नाव तिला पडलं, कारण आवाज तिचा. आम्ही कोष्टी. ती मागांच्या घरात वाढली. एका खोलीत दोन-तीन माग खटखट करत असले की मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागतं. आमच्यातल्या बायकांना कुजबूज येत नाही. हिला तर मुळीच येत नव्हती. लग्नाच्या रात्री ती जे काही माझ्याशी बोलली, ते सासूनं सकाळी तिला जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

मग मिलचं कापड स्वस्त झालं आणि आमचा माग बंद पडला. लाकडाच्या भावात विकला. मला रडू आलं नाही. मी भोंग्याच्या धंद्यात पडलो, चार पैसे जास्तच मिळाले. पण तिला ते घर सोसेना. म्हणायची, "घर बहिरं झालं." आम्हाला लेकरू झालं नाही, हेही इथंच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल. मी तबकड्या वाजवायचं मशीन घेऊन कोणाच्या लग्नाला गेलो की ती भांडी उगाच आपटून घासायची. शेजारीण विचारायची, "काहून वं, भांडण झालं का?" ही म्हणायची, "भांडाले घरात आहे कोण?"

अशात एका रविवारी विलास आला. लाईट ऑफिसात कारकून, आमच्याच गल्लीतला. हातात एक तबकडी. म्हणाला, "काकू, ही तुमच्या मशीनवर वाजवू का? आमचे बाबा घरात वाजवू देत नाहीत." मी नाही म्हणणार होतो. सुई झिजते. पण ती आतूनच ओरडली, "आण गा, लाव!"

कुठल्या तरी विलायतेतल्या केसाळ गड्यांचा तो बँड. ढोल, तारा आणि ओरडणं. मी बाहेर जाऊन बसलो. ती मशीनपाशी बसून डोकं हलवत होती. गाणं संपलं तर म्हणते कशी, "बाप्पा! अख्खी मागाची खोली चालून राहिली!" आणि विलासला विचारलं, "अजून आहे का?"

पुढल्या रविवारी विलासनं फ्रान्सिसला आणलं. तो रेल्वेत फिटर, अजनीला राहायचा. त्याच्यामागून आणखी चौघं-पाच जण आले. दर रविवारी सतरंजी, चहा, वाद. कोणती तबकडी चांगली, कोणती भिकार. आणि ती मधे बसून दोन्हीकडून भांडायची. आज विलासच्या बाजूनं, तर पुढल्या रविवारी फ्रान्सिसच्या. मी म्हटलं, "तुले इंग्रजी समजते का?" ती म्हणाली, "तुमाले मराठी समजते, तं तुमी माहं कोणतं ऐकता?"

मग ती मोठी तबकडी आली. या बँडनं गाणी करून ठेवली होती, पण कोणत्याच तबकडीत घातली नव्हती. ती उरलीसुरली गाणी गोळा करून त्यांनी थोड्याच प्रती काढल्या, फक्त वेड्या लोकांसाठी. बाजारात मिळायची नाही. फ्रान्सिसची बहीण परदेशात नर्स होती, तिनं कुठून तरी मिळवून पाठवली. तो ती टॉवेलात गुंडाळून अजनीहून बसमध्ये उभ्यानं घेऊन आला. बसायला जागा होती, पण म्हणे बसलो तर धक्का लागेल.

सगळे मशीनभोवती सरकून बसले. मशीन तिनं लावलं. मी तिला शिकवून ठेवलं होतं: लहान तबकडी पंचेचाळीसच्या वेगावर, मोठी तेहेतीसच्या. आमच्या धंद्यात तसंच चालायचं. गाणं सुरू झालं. हळू, जड, आणि गाणाऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा.

त्या दिवशी जो वाद सुरू झाला तो अख्खा उन्हाळा पुरला. विलास म्हणाला, "बँड म्हातारा झाला. ही गाणी त्याईनं टाकून दिली होती तेच बरं होतं." फ्रान्सिस उसळला, "अबे, खोल गेले ते! खोल! तुले पळापळी पाहिजे." एकानं शंका काढली की हा आवाज नेहमीच्या गड्याचा नाही. फ्रान्सिसनं छातीवर हात मारून सांगितलं, "ढोलवाला गाऊन राहिला. म्हणून तं ही तबकडी एवढी दुर्मीळ!" दुसऱ्या रविवारी निम्मे लोक ढोलवाल्याचे भक्त झाले होते. तिला मात्र ती तबकडी बेहद्द आवडली. म्हणाली, "माहा बाप म्हातारपणी असाच माग चालवे. एक पाय दाबे, मंग दम घेये, मंग दुसरा."

पावसाळ्यात फ्रान्सिसचा एक मामेभाऊ मुंबईहून आला. त्याला मोठ्या मानानं बसवलं आणि तबकडी लावली. तो आमच्या तोंडाकडं पाहत राहिला, मग हसत सुटला. उठून तबकडीच्या मधल्या कागदावर बोट ठेवलं. बारीक अक्षरात पंचेचाळीस लिहिलेलं. तबकडी मोठी होती, पण चालायची लहानीसारखी. त्यानं खटका फिरवला. तोच नेहमीचा गडी, नेहमीसारखा पळत गात होता. ढोलवाला गेला ढोलावर.

मग विलास म्हणाला, "खोल गेले म्हणे! खोल!" फ्रान्सिस लालबुंद झाला. म्हणाला, "आणि तू? म्हातारे झाले म्हणून कोण सांगून राहिला होता?" शब्दानं शब्द वाढला. फ्रान्सिसनं तबकडी टॉवेलात गुंडाळली आणि निघून गेला. बाकीचे एकेक करून चपला घालून सटकले. आपण सगळे मिळून उन्हाळाभर चुकीच्या गाण्यावर भांडलो, याची लाज प्रत्येकाला.

पुढल्या रविवारी कोणी आलं नाही. त्याच्या पुढल्याही नाही. ती सतरंजी घालून दारात उभी राहायची आणि मग न बोलता गुंडाळायची. ती न बोलणारी बाई मी कधी पाहिली नव्हती. मला भीती वाटली. मी म्हटलं, "जाऊ दे वं, बाहेरचे लोक ते." ती म्हणाली, "आतले कोण आहेत, ते सांगा."

मग एका रविवारी सकाळी तिनं मला छपरावर भोंगा बांधायला लावला. मला वाटलं चाचणी घेते. तर बाईनं माइक हातात घेतला आणि अख्ख्या सक्करदऱ्याला ऐकू जाईल असं सुरू केलं:

"लाईट ऑफिसवाल्या विलास, तोंड लपवून कायले बसला गा? चुकलो तं सगळेच चुकलो! मशीन मीच लावलं होतं! भात निवून राहिला, ये! आणि त्या फ्रान्सिसले घेऊन ये, नाही तं त्याचं नाव मी अजनीपर्यंत वाजवीन!"

गल्ली हसून लोळली. विलास बनियनवर धावत आला, "काकू, बंद करा, बाबा घरी आहेत!" ती म्हणाली, "फ्रान्सिस आला की बंद करीन." विलासनं कोणाची तरी स्कूटर मागितली आणि तसाच, बनियनवर, अजनीला गेला. दोघं परत आले तेव्हा मधे तबकडी टॉवेलात होती.

त्या दिवशी तिनं कायदा केला. एक बाजू तुमच्या वेगानं वाजेल, एक माझ्या. फ्रान्सिस कळवळला, "काकू, आता खरं माहीत झालं ना!" ती म्हणाली, "तुमचं खरं डासासारखं गुणगुणते. मले माहं राहू द्या." आणि तसंच वर्षानुवर्षं चाललं. विलासचं लग्न झालं, फ्रान्सिसला मुली झाल्या, पण रविवार मोडला नाही. घरात बोलणं एकमेकांच्या अंगावर पडायचं आणि ती पुन्हा घोरून झोपायला लागली.

पुढं तिला जिना चढताना दम लागायचा. एकदा सतरंजी गुंडाळताना तिनं विचारलं, "मी नसली तं हे येतीन का?"

मी म्हटलं, "तू कुठं चालली?"

"विचारून राहिली मी. सांगा ना."

मी सतरंजीचं दुसरं टोक धरलं. ती म्हणाली, "घर बहिरं करू नका बरं." आणि आत गेली.

तिला पोहोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मला रात्रभर झोप नव्हती. सकाळी पाहतो तर गल्लीच्या टोकाला विलास, फ्रान्सिस आणि बाकीचे उभे. पुढं यावं की जावं, समजत नव्हतं त्यांना. तिचा भाऊ उमरेडहून आलेला. तो म्हणाला, "भाऊजी, सुतक आहे. याईले जाऊ द्या आता."

मी सतरंजी काढली आणि स्वतः घातली. मग त्यांना हाक मारली, "या गा. बसा."

ते येऊन बसले. मान खाली. फ्रान्सिस बोटानं सतरंजीचा दोरा ओढत होता. बाहेर सायकलीची घंटी वाजली ती घरभर ऐकू आली. त्या शांततेत मला बसवेना.

मी तोवर कधी त्यांच्या वादात पडलो नव्हतो. मी म्हटलं, "खरं सांगू का? ती मोठी तबकडी काही कामाची नाही. उरलेली गाणी होती, त्याईनं उकिरड्यावर टाकाले पाहिजे होती."

फ्रान्सिसनं मान वर केली. "काका, काय बोलून राहिले तुम्ही?"

विलास डोळे पुसत म्हणाला, "काका बरोबर बोलून राहिले. दुसऱ्या बाजूत तं काहीच नाही."

"दुसऱ्या बाजूत काही नाही? अबे, तुले कान आहेत का?"

"तूच तं ढोलवाला गातो म्हणे!"

"ते सोड! शेवटचं गाणं सांग, शेवटचं! त्याच्यात काय कमी आहे?"

मग तिसरा वादात पडला, चौथा पडला. आवाज चढले. शेजारच्या बायका दारात येऊन पाहायला लागल्या. तिचा भाऊ घाईघाईनं उठला, त्यांना गप्प करायला.

मी त्याचा हात धरून खाली बसवला आणि म्हटलं, "बोलू दे गा. अजून जोरात बोलू दे."