धर्मशाळेतली वरची आई

माझ्या मुलीला आणखी एक आई आहे, हे मला सगळ्यांत शेवटी कळलं.

चाकणला आम्ही आलो ते यांच्या नोकरीमुळे. हे सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. यांना दवाखाना दिवसभर पुरायचा, मला मात्र दोन खोल्यांचं घर पुरेना. म्हणून मी महिला मंडळ काढलं. शिवणवर्ग झाले, प्रौढांचे साक्षरतावर्ग झाले, देवी टोचून घ्या म्हणून घरोघर हिंडणं झालं. गावातल्या दिसेल त्या पोराचं नाक मी पदरानं पुसत असे. माझी मंदा तेव्हा चार वर्षांची होती. तिचं नाक वाऱ्यावर वाळत असे.

मग मला बालवाडीनं पछाडलं. (हा शब्द तेव्हा मी हसत हसत वापरत असे.) जागा कुठली, तर नाशिक रस्त्याकडेची जुनी दगडी धर्मशाळा. ती कितीतरी वर्षं ओस पडली होती. कोणी एक वाटसरू बाई तिथं बाळंत होताना गेली आणि तेव्हापासून माळ्यावर आपलं पोर शोधत फिरते, असं गावातले शहाणेसुरते लोकही सांगत. त्यामुळे जागा आम्हाला विनातक्रार मिळाली. मारुतीच्या देवळापुढे मी भाषण ठोकलं की भूत हा निव्वळ मनाचा खेळ आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलांचं दूध तापवायला जिला ठेवली होती ती कुरुळीची सोनाबाई तेवढी नंतर जवळ आली आणि शांतपणे म्हणाली, "बाई, तुमी म्हंता तर न्हाई म्हनू. पन तिला इचारलंय का कुनी?"

बालवाडी सुरू झाली आणि छान चालली. फक्त एक गोष्ट मला खटकायची. गोष्ट सांगता सांगता मी बघावं, तर सगळी मुलं एकदम छताकडे बघत असायची. भीती अजिबात नाही, उलट ओळखीचं हसू. मग फळ्यांच्या फटीतून बारीक माती झरायची, आधी दाराशी, मग मधोमध, मग माझ्या बरोबर डोक्यावर, आणि थांबायची. मी सोनाबाईला म्हटलं, उंदीर झालेत. ती म्हणाली की उंदीर एवढं जपून चालत नाहीत.

पुढे दूध पुरेना. परदेशातून आलेली ती भुकटी, तिला एक ओशट वास यायचा, मोठ्या माणसाला घोट घेववत नसे. पण मुलं आपापल्या वाटीत थोडं राखायची आणि सुट्टीत माळ्याच्या जिन्याच्या पायरीवर नेऊन ओतायची. पायरीवर म्हणजे पायरीवर ठेवलेल्या एका फुटक्या वाडग्यात. ते वाडगं आमचं नव्हतं. जाताना बघावं तर धुऊन पालथं घातलेलं. मी समजले सोनाबाईचं काम. सोनाबाई समजली माझं.

आणि मंदा. सकाळी माझ्या गडबडीत ती पिंजारलेल्या डोक्यानं माझ्यामागून फरफटत यायची, आणि घरी जाताना तिच्या दोन घट्ट, सरळ भांगाच्या वेण्या असायच्या. एकदा झग्याचं तुटलेलं बटण लागलं. एकदा नखं कापली गेली. हेही मी सोनाबाईच्या खात्यावर टाकलं आणि मनातल्या मनात तिचे आभार मानून मोकळी झाले. मग एका सकाळी मंदा चुलीशी बसून बाहुलीला थोपटत एक अंगाई गुणगुणायला लागली. चाल अगदी संथ, विहिरीच्या तळातून आल्यासारखी. शब्द आमच्याकडचे नव्हते.

मी विचारलं, "हे कोणी शिकवलं गं?"

"वरच्या आईनं."

"वरची आई कोण?"

"जिचं बाळ हरवलंय ती," मंदा म्हणाली आणि बाहुलीच्या अंगावर चिंधी सारखी केली. "ती म्हणते, मी आणखी मोठी झाले की तिचं बाळच होईन."

माझ्या हातातली उलथनी तव्यावर पडली. यांनी दाढी करता करता हे ऐकलं आणि ब्रश तोंडात घातला. भूत नसतं याबद्दल आमचं दोघांचं एकमत होतं, फक्त त्या दिवशी ते कोणी मोठ्यानं बोलेना.

इतर घरांतही अशाच वेण्या आणि असलीच अंगाई निघाली. दोन दिवसांत बालवाडी रिकामी. आयांनी पोरं घरात कोंडली, कोणी देवऋषी बोलावून आणला. तो म्हणाला, बाई माळ्यावर बसलीय, तिला चाबकानं काढावी लागेल. मंडळ बुडालं असतं आणि मीही. त्यामुळे चावडीपुढे माझ्या तोंडून निघून गेलं की मी एकटी, भर दुपारी, माळ्यावर जाऊन बसते. हे म्हणाले की मी बरोबर येतो, आणि लगेच पुढे म्हणाले, जिन्यापर्यंत.

भर दुपार झाली. वारा पडला होता, रस्त्यावर एक बैलगाडी नाही, कावळासुद्धा ओरडेना. सगळं गाव धर्मशाळेपुढच्या पिंपळाखाली गोळा झालं, देवऋषी चाबूक घेऊन पुढे. जिन्यापर्यंत येणारे आमचे हेही तिथंच थांबले. आत पाऊल टाकलं आणि बाहेरचे सगळे आवाज मागे राहिले. जिन्याची एकेक पायरी माझ्या वजनाखाली कण्हत होती. वर अंधार, कोंदट वास, आणि गरजूंसाठी जमवलेल्या जुन्या कपड्यांची आमच्या मंडळाची गाठोडी. त्या गाठोड्यांच्या पलीकडून तीच अंगाई येत होती.

मी डोळे फाडून पाहिलं. झरोक्याशी, माझ्याकडे पाठ करून, मी बसले होते.

माझंच हिरवं इरकली लुगडं, पदराला मीच घातलेलं ठिगळ, तसाच खाली आलेला अंबाडा. ती मी मांडीवर रिकामं दुपटं घेऊन डोलत होते. मला आता भाषणातलं एकही वाक्य आठवेना. त्याऐवजी लहानपणी आजीनं घोकून घेतलेली झाडून सगळी स्तोत्रं एकदम, एकात एक मिसळून, माझ्या तोंडातून फुटली. पिंपळापर्यंत स्पष्ट ऐकू गेली, असं नंतर पुष्कळांनी मुद्दाम सांगितलं. ती बसलेली मी सावकाश मागं वळले. चेहरा माझा नव्हता. मी एक पाऊल मागं घेतलं, तिथं माळाच नव्हता.

शुद्धीवर आले तेव्हा जिन्याखाली पडले होते, अंगावर भिंतींसाठी आणून ठेवलेलं चुन्याचं पोतं सांडलं होतं आणि कोणीतरी माझा सुजलेला घोटा पट्टीनं बांधत होतं.

"भिऊ नका बाई," ती म्हणाली. "मी जिती आहे."

तिचं नाव जानकी. माहेर कोकणातलं, नवरा इकडे सडकेच्या कामावर मुकादम. तिचं मूल पाळण्यातच गेलं. सासरच्यांनी ठरवलं की हिचाच पायगुण, आणि हात उगारायला लागले. ती निघाली आणि ज्या जागेला लोक भितात ती तिला सुरक्षित वाटली. आमच्या कितीतरी आधीपासून ती तिथं राहत होती. आम्ही खाली आलो, तशी ती वर कोंडली गेली. लुगडं तिनं गाठोड्यातून घेतलं होतं. मी विचारलं, तेव्हा ती ओशाळून म्हणाली की ते गरजूंसाठी आहे असं तुम्हीच खाली सांगत होता.

मी म्हटलं, "मंदाला तू काय सांगितलंस? ती बाळ होईल म्हणून?"

"ती रोज इचारायची, बाळ कधी येणार. काहीतरी सांगायला हवं होतं," ती म्हणाली आणि पट्टीची गाठ मारायची थांबली. "येणार नाही असं एकदाही तोंडातून निघेना."

बाहेर चाबूक घेतलेला माणूस उभा होता. मी तिच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हटलं, चल, माझ्याबरोबर चल, तुला कोणी हात लावणार नाही.

कोणी लावलाच नाही. दारात आम्ही दोघी उभ्या राहिलो, एक माझ्या लुगड्यातली अनोळखी बाई आणि तिच्या खांद्यावर लटकलेली, नखशिखांत पांढरी मी. पिंपळाखाली क्षणभर पानही हललं नाही. मग गाव पळालं. सर्वांत पुढे देवऋषी होता, आणि त्याला गाठण्याच्या बेतात आमचे हे. जागेवर राहिली एकटी सोनाबाई. तिनं आम्हा दोघींना नीट न्याहाळलं आणि विचारलं, "ह्यातली आपली कंची?"

तेवढ्यात मंदा धावत आली. मी हात पसरले. ती माझ्या हाताखालून गेली आणि जानकीच्या कमरेला बिलगली.

जानकी सोनाबाईकडे राहायला गेली. महिन्याभरानं तिचा दीर शोधत आला. तेव्हा ती धर्मशाळेच्या दारात न्हालेले केस वाळवत उभी होती. सोनाबाईनं त्याला फार आदरानं पाणी दिलं आणि सांगितलं की ही इथंच बाळंतपणात मेलेली बाई, फार वर्षांची हाय, नेता का? तो खेडच्या गाडीसाठी थांबलासुद्धा नाही, चालतच गेला. पुन्हा कोणी आलं नाही.

मुलं परत आली, होती त्याहून जास्त आली. मंडळाच्या बैठकीत मी घोटा पाटावर ठेवून कोपऱ्यात बसले होते. अध्यक्षीणबाई पुढे काहीतरी बोलत होत्या, ते काही मला ऐकू येत नव्हतं. हात वर करा, एवढंच कानावर आलं. सगळ्यांबरोबर मीही हात वर केला. बालवाडीच्या मुख्य बाई म्हणून माझ्या जागी जानकीला नेमण्याचा ठराव अशा रीतीनं एकमतानं मंजूर झाला. मला वाटलं होतं, चहा कोणाकोणाला हवाय ते विचारतायत.