गॅलरीतला बल्ब

आमच्या थोरल्या जाऊबाईंना कुणी काही शिकवायला जाऊ नये. शिवणकामात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, पण हट्ट म्हणजे हट्ट. गल्लीत मिट्ट काळोख असायचा तेव्हा लेकीला संध्याकाळच्या पाळीची नोकरी लागली, तर बाई अडून बसल्या. एवढ्या उशिरा या गल्लीतून यायचं नाही! लेक आईवरच गेलेली. तिने बॅग भरली आणि दुसऱ्या शहरात खोली घेतली. आता फोन केला की "बरी आहे" म्हणते आणि ठेवून देते.

ती गेली आणि जाऊबाईंनी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत भला मोठा बल्ब टांगला. ऊन उतरायच्या आत तो लागायचा, तो थेट उजाडेपर्यंत. मी म्हटलंसुद्धा, एवढ्या वरून रस्त्यावर काय कपाळ उजेड पडणार? त्या ऐकतात थोडंच.

मग गल्लीत सौरदिवे आले आणि बघता बघता गल्लीचा नूरच पालटला. बायका जेवणं आटपून खाली गप्पांना बसायला लागल्या, चहाची टपरी उशिरापर्यंत उघडी राहायला लागली. फक्त आमच्या वळणावरचा दिवा काही केल्या लागेना. दिवेवाला दुपारी यायचा, वरच्या पॅनेलवर गोणपाट टाकायचा. पॅनेलवर अंधार झाला की दिवा झक्क पेटायचा! तो समाधानाने निघून जायचा आणि संध्याकाळी पुन्हा ठणठणाट. जाऊबाई हातातलं शिवण टाकून त्या खांबाकडे बघत बसायच्या. आमचंच नशीब फुटकं, म्हणायच्या.

शेवटी मीच त्याला खडसावलं, बाबा, एकदा दिवस मावळताना येऊन बघ. तो आला, शिडीवर चढला आणि हसायलाच लागला. गॅलरीतला बल्ब थेट पॅनेलच्या तोंडावर होता.

"काकू, तुमच्या बल्बमुळे दिव्याला वाटतंय, अजून दिवसच आहे. तो बंद ठेवा."

जाऊबाई बटणावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. लेक परत येईपर्यंत रोज लावायचा, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. डोळे भरून आले त्यांचे.

त्यांनी बटण दाबलं. थोड्या वेळाने दिवा लागला आणि अख्खं वळण उजळलं. खाली कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

जाऊबाईंनी फोन लावला. आता रडतील, घरी ये म्हणतील, असं मला वाटलं होतं.

"वळणावर दिवा लागलाय गं," त्या म्हणाल्या. "आता कितीही उशिरा आलीस तरी चालेल."

या वेळी तिने फोन ठेवून दिला नाही. जाऊबाई तो कानाशी घट्ट धरून उभ्या होत्या.