गोफणीचा नेम

हुरडा भाजल्याचा वास आला की मला हसनाबादजवळचं आमचं वावर आठवतं. आठवीत होते. मोबाईलवर गोळीबाराचा गेम खेळत बसले होते, तेवढ्यात वडिलांनी तो हिसकावून खिशात घातला. "दिसभर माणसं मारून राह्यली! बिघडशील अशानं. चल, पाखरं हाकायला," म्हणाले आणि ज्वारीतल्या मचाणावर चढवून माझ्या हाती गोफण दिली. कणसांवर भोरड्यांचा थवा उतरला तशी मी गोफण गरगरा फिरवून दगड सोडला. थवा भुर्रकन उडाला, एक भोरडी मात्र खाली पडली. धावत जाऊन उचलली तर अजून गरम होती. गेममधला मेलेला माणूस क्षणात नाहीसा व्हायचा. ही हातातच राहिली. वडील खुशीत ओरडले, "शाब्बास! एवढा बराबर नेम कुठं शिकली गं?" मी त्यांच्या खिशाकडं पाहिलं आणि मला रडूच फुटलं. परवा ग्रामसभेत पोरांना असले गेम बंद करायचा ठराव आला. वडिलांचा हात पहिला वर गेला. माझा खांद्यापाशीच अडला. हात मोजणाऱ्यानं विचारलं, "ताई, तुमचा वर धरू का न्हाई?"