बायकोचा मासा

माझे दाजी हार्डस ब्यूकस वॉल्विस बेच्या बंदरावर क्रेन चालवायचे आणि शनिवारी ते कुणाचेच नसायचे. पहाटेच्या धुक्यात पिकअपच्या मागे रॉड, तारल्यांचा डबा, सरपण आणि कॉफीचा थर्मास टाकायचा आणि पाल्कीसचा किनारा गाठायचा. डावीकडे वाळूचे डोंगर, उजवीकडे समुद्र, मधे एक गाडी जेमतेम जाईल एवढी ओली पट्टी. मी त्यांच्या शेजारी गळ टाकून उभा राहायचो. आमच्या नाराव्हिल वस्तीत त्यांच्याएवढा लांब गळ फेकणारा दुसरा नव्हता. ही गोष्ट लोकांच्या लक्षात आहे ना, याची ते अधूनमधून खात्री करून घ्यायचे.

माझी बहीण ग्रीट कधी आली नाही. "तुमच्या त्या वाऱ्यात उभं राहण्यापेक्षा मी फ्रीजमध्ये बसेन," म्हणायची. पण धाकटी मुलगी लग्न होऊन विंडहुकला गेली आणि घर रिकामं झालं. मग एका शनिवारी ग्रीट लोकरी टोपी घालून आमच्या आधीच गाडीत जाऊन बसली.

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी थर्मासकडे बघितलं.

किनाऱ्यावर दाजींनी तिला जुना रॉड दिला, गरीला तारलीचा तुकडा कसा बांधायचा ते दाखवलं. गाठी मात्र स्वतःच मारून दिल्या, कारण थंडीनं तिची बोटं आखडायची. ग्रीटनं जोर लावून गळ फेकला, तो पडला पहिल्या लाटेच्या अलीकडे.

"तिथं काय, पाय धुवायला टाकलास?" दाजी म्हणाले.

"पडलाय तिथं राहू दे. मला दमायला होतं."

तिच्या गळाला थोड्या वेळानं कॉब मासा लागला. चांगला मांडीएवढा. काठालगतच्या चरीत मासे चरायला येतात हे दाजींनाही ठाऊक होतं, पण जवळ गळ टाकणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. ते म्हणाले, "नवख्याचं नशीब."

नशीब संपेना. पुढच्या शनिवारी तिला दोन मासे, दाजींना एक. त्याच्या पुढच्या शनिवारी दाजींना शेवाळ. ग्रीट माशांशी बोलायची, शेजारच्यांना कॉफी द्यायची, खाडीकडून फ्लेमिंगो उडत आले की रॉड वाळूत रोवून बघत बसायची, आणि नेमका तेव्हाच तिचा रॉड वाकायचा. लोक आता आमच्या बाजूला सरकून गळ टाकू लागले. त्यात गोलियाथ मास्तर पहिले. शाळेतून निवृत्त झालेले, विधुर, मोठ्या जीपवाले.

"ग्रीटबाई, तुमच्या हाताला गुण आहे," मास्तर म्हणायचे.

"हात कसला," दाजी माझ्या कानाशी म्हणायचे. "गाठ माझी, आमिष माझं, रॉड माझा. हात तेवढा तिचा."

एकदा बंदराच्या कँटीनमध्ये नव्या माणसाशी दाजींची ओळख कुणीतरी करून दिली, "हे ग्रीटचे नवरे, ती मासेवाली." दाजी जेवले नाहीत. घरी ग्रीटनं तळलेला कॉब पानात वाढला, तर म्हणाले, काटे फार आहेत. कॉबला काटे फार नसतात.

ईस्टरच्या आधी आमची सगळी वस्ती किनाऱ्यावर जमते. निखाऱ्यांवर सॉसेज, निखाऱ्यांवरच भाजलेले पाव, आणि दिवसभर गळाची स्पर्धा. त्या दिवशी वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता, वाळू दाताखाली येत होती. दाजींनी ग्रीटच्या गरीची गाठ बांधली. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, ओला न करता बांधला आणि गाठ पक्की बसवणारा शेवटचा ताण दिलाच नाही. ठरवून केलं का, असं मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "हात तिथंच थांबला, जाफेट. मी त्याला पुढे ढकललं नाही."

दुपारी ग्रीटच्या गळाला जे लागलं ते आम्ही कुणी आधी बघितलं नव्हतं. रॉड पार वाकला, रीळ ओरडायला लागलं. मास्तर धावत आले, बायका पाव टाकून आल्या. मासा एकदा लाटेत आडवा झाला, त्याची तांबूस-चंदेरी कूस सगळ्यांनी पाहिली. आणि तंगूस सैल पडला.

ग्रीटनं तो गुंडाळत आणला, टोक बोटांत धरून पाहिलं. तुटलेल्या तंगुसाचं टोक सरळ असतं, सुटलेल्या गाठीचं पिळलेलं. हे तिला दाजींनीच शिकवलं होतं.

"गाठ सुटली," ती म्हणाली.

"वारा होता," दाजी म्हणाले.

"हो. वारा होता."

पुढच्या शनिवारी ती गोलियाथ मास्तरांच्या जीपमधून पाल्कीसला गेली. मास्तरांची बहीण पुढे बसली होती, पण दाजींना खिडकीतून फक्त मास्तर दिसले. दाजी समुद्रावर गेले नाहीत. पिकअप धुतली, पुसली, पुन्हा धुतली. मग माझ्याकडे येऊन सगळं सांगून टाकलं.

मी म्हणालो, "दाजी, हे तिला सांगा."

"तिला कळलंय."

"तिला कळणं वेगळं आणि तुम्ही सांगणं वेगळं."

आम्ही गेलो. ती मास्तरांपासून थोडी दूर उभी होती. दाजी बूट ओले करत थेट तिच्यापाशी गेले.

"ती गाठ मी सैल ठेवली होती."

"माहीत आहे."

"का, ते विचार की."

"काय विचारायचं? जळलास." तिनं गळ ओढून घेतला. "मी किती वर्षं जळले तुझ्या या समुद्रावर, ठाऊक आहे? दर शनिवारी तू दात विचकत घरी यायचास, खारट वास घेऊन. मला एकदा तरी चल म्हणालास?"

"तुला थंडी बाधायची ना?"

"बोलावलंस तर नाही बाधणार, एवढं तुला कळायला हवं होतं."

मास्तर लांबून कॉफी हवी का म्हणून कप दाखवत होते. ग्रीट म्हणाली, "त्यांना नको म्हण. आपल्या थर्मासमधली दे." थर्मास आणलाच नव्हता. मग तिघांनीही मास्तरांचीच कॉफी प्यायली. दाजींनी ती औषधासारखी घेतली.

आता दोघं एकत्र जातात. तिची गाठ तीच बांधते, बोटं काखेत धरून गरम करत करत. दाजी अजूनही लांबच फेकतात, आणि तिचा रॉड वाकला की यांचा जबडा आवळलेला मला दिसतो. त्या हिवाळ्यात तिनं दाजींच्या सगळ्यात मोठ्या माशाहून मोठा कॉब काढला. दाजींनीच तो खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत नेला, कुणाला हात लावू दिला नाही. वस्तीत सगळ्यांना स्वतःहून सांगत सुटले. वजन विचारलं की मात्र थोडं कमी सांगायचे.