देवापुढे उघडलेलं पाकीट

देवाला गुणपत्रिका दाखवायची नसते, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं.

माझी भाची प्रांजली मलकापूरच्या एका दवाखान्यात आयसीयूत नर्स आहे. अमेरिकेतली नर्सची परीक्षा ती पास झालेली. आता तिकडच्या कॉलेजात तिला भूल देण्याचं पुढचं शिक्षण घ्यायचं होतं. जागा मूठभर, आणि कॉलेजवाले मार्कांच्या बाबतीत पक्के सोनार! सगळ्या विषयांची सरासरी एका काट्यावर, विज्ञानाच्या विषयांची दुसऱ्या. पहिल्या काट्यावर प्रांजली बावनकशी. दुसऱ्यावर मात्र बायोकेमिस्ट्री नावाचा खडा निघत होता. (मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. तो विषय तिला घरी मीच शिकवला होता. तूर्त एवढंच!)

"मामा, विद्यापीठातून माह्या मार्कांच्या ट्रान्सक्रिप्टचं पाकीट आणून द्या," ती म्हणाली. "सीलबंद राह्यते ते. तसंच कुरिअर करायचं. उघडलं की बाद!"

"मले काय लहान लेकरू समजली काय?"

पाकीट मिळालं. परतीच्या एसटीत ते मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसलो. ऊन मऊ, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस... डोळा लागला की नाही, कोण जाणे! कापसाचे ढग झाले आणि एसटी त्यांवरून तरंगू लागली. खाली अमेरिका. प्रांजलीनं नुसतं बोट वर केलं, तशी मोटारी, पोलीस, कबुतरं सगळी अलगद झोपी गेली. जागा एकटा मी, आणि तिथले महापौर झोपेतच मला हार घालतायत!

"उंद्रीऽऽ!" कंडक्टर ओरडला.

तसाच तरंगत उतरलो आणि बहिणीच्या, म्हणजे प्रांजलीच्या आईच्या घरी गेलो. ताईनं पाकीट देवापुढे ठेवलं, कुंकवात बोट बुडवलं आणि थबकली.

"काऊन थांबली वो?"

"बंद पाकिटाले कुंकू लावून काय फायदा? देवाले मार्क तर दिसले पाह्यजे!"

मी विज्ञानाचा माणूस. तिथल्या तिथे तिला दटावायला हवं होतं. पण खरं सांगतो, देवापेक्षा मलाच तो बायोकेमिस्ट्रीचा ग्रेड बघायचा होता! चर्रकन आवाज झाला आणि विद्यापीठाचा शिक्का मधोमध दुभंगला.

"हा 'सी' चांगला राह्यते काय रे?"

"मधला राह्यते," मी पुटपुटलो.

"मंग त्यालेच आशीर्वादाची जास्त गरज!" म्हणत ताईनं नेमका त्या ग्रेडवर रुपयाएवढा कुंकवाचा टिळा लावला.

पाकीट आम्ही भाताच्या शितांनी चिकटवलं. तेवढ्यात फोन वाजला.

"मामा, सील नीट हाये नं?"

"हाये नं! आधी एक होतं, आता दोन झाले."

पलीकडून अगदी हळू आवाज आला, "मामा, अर्जाले आठच दिवस राह्यले." ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

पुन्हा विद्यापीठ गाठलं. दोन दिवस खिडकीपुढे उभा राहिलो, नवं पाकीट सदऱ्याच्या आत घातलं आणि उंद्री आली तेव्हा डोळे गच्च मिटून घेतले. पाकीट वेळेत पोचलं. एवढंच नव्हे, मुलाखतीचं बोलावणंही आलं!

मुलाखत आमच्याच घरी, लॅपटॉपवर झाली. दिवेलागणीची वेळ, पडदा हलकेच हलतोय, मी श्वास रोखून खाटेवर. लॅपटॉपवरच्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, "इतके छान ग्रेड, मग हा एकच कमी कसा?"

प्रांजलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"त्या वर्षी मला घरचेच एक जण शिकवत होते," ती शांतपणे म्हणाली. "नंतर तोच विषय मी ऑनलाइन पुन्हा घेतला, एकटीनं अभ्यास केला आणि वरचा ग्रेड मिळवला."

बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी लिहून घेतलं!

प्रवेश मिळाला. ताई म्हणते, हे त्या टिळ्यानं केलं. मी वाद घालत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या कॉलेजच्या दप्तरात, 'उमेदवारानं मात केलेली अडचण' या सदरात, माझी कायमची नोंद झाली आहे. आमच्या घराण्यातून तिकडे पोचलेला पहिला माणूस मीच!