सात एकांची संख्या

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. चंद्रपूरच्या दवाखान्यातून त्यांना पोंभुर्ण्याला घरी आणलं. उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. जन्मभर गणित शिकवलेला हा माणूस आता नुसता बघत राहायचा. ऐकलेलं कळायचं, पण ओठांवर शब्द येत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, त्यांच्याशी बोलत राहा. मला मात्र काय बोलावं ते सुचेना. आम्हा बापलेकीत लहानपणापासून बोलणं व्हायचं ते गणिताचंच.

एका दुपारी मी पाटी घेऊन त्यांच्या खाटेशी बसले आणि ओळीने सात एक लिहिले. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा.

"बाबा, हिले कशानं भाग जाते, पाहू का?"

त्यांनी मान हलवली.

अंकांची बेरीज सात, म्हणजे तीनने भाग जात नव्हता. सहा एकांच्या संख्येला सात, अकरा, तेरा या सगळ्यांनी भाग जातो, त्यामुळे सात एकांत बाकी एक उरायची. त्यापुढे मात्र एकेका मूळ संख्येने भागत जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. माझी वजाबाकी चुकली की बाबा डाव्या हाताने खाटेची कड वाजवायचे.

आई ओसरीवर तांदूळ पाखडत असायची. "काऊन त्यायच्या डोक्याले ताप देऊन राह्यली वं?" ती म्हणायची. पण बाबांची नजर हलत नसे.

अशा बऱ्याच दुपारी गेल्या. शंभराच्या पुढे आल्यावर मी कंटाळले. "ही मूळ संख्याच दिसते, बाबा," असं म्हणून पुसायला फडकं उचललं.

"नाई."

आईचं सूप थांबलं. ती धावत आत आली. "काय म्हनले?"

"नाई," बाबा पुन्हा म्हणाले. घाम फुटला होता त्यांना.

मला उमगलं. वर्गमुळापर्यंत, म्हणजे हजाराच्या थोडं पुढे, तपासल्याशिवाय हिला मूळ संख्या म्हणता येत नाही. सिद्ध न झालेलं त्यांनी वर्गात कधी खपवून घेतलं नव्हतं.

आई माझ्याशेजारी खाली बसली. "भाग, बाई," ती म्हणाली. "तू भाग."

दोनशे एकोणचाळीसने बाकी शून्य आली. भागाकार चार हजार सहाशे एकोणपन्नास. त्याचे आणखी तुकडे पडणार नव्हते. लहान संख्या सगळ्या आधीच तपासून झाल्या होत्या. मी उलट गुणून दाखवलं. बाबांनी प्रत्येक अंकावरून बोट फिरवलं आणि डोळे मिटले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

पुढे थोडे शब्द परतले. पाणी. बस. आणि "अवं", आईला हाक मारायचा त्यांचा नेहमीचा शब्द. त्यापुढचं त्यांना बोलता येत नसे. तरी ती हातातलं काम टाकून दर वेळी जायची, खाटेशी उभी राहायची. पुढच्या वर्षी धान कापणीला येण्याआधी ते गेले.